चढावरचा माणूस

"डावा खुबा," शशिकांत म्हणाले. "वर्षभरात ऑपरेशन करावं लागणार."

काठी टेकत चढ चढणाऱ्या एका म्हाताऱ्या प्रवाशाबद्दल हे चाललं होतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या डोंगरगावात गाडीला रस्ताच नव्हता. आठशे वर्षं माणसांनी आणि गाढवांनी घासून गुळगुळीत केलेली एकच दगडी गल्ली खालून वर यायची, आणि ती संपायची तिथेच हे कॅफे होतं. मँचेस्टरला तीस वर्षं न्यूरॉलॉजिस्ट म्हणून काढलेल्या माणसाला बसायला याहून चांगली जागा कुठली? रिटायर झाले तरी खोड गेली नव्हती. चेहऱ्याकडे बघायचंच नाही, नुसती चाल बघायची आणि दुखणं सांगायचं.

"आजोबा, ती रेड शर्टवाला?" सियाने विचारलं. नात मँचेस्टरचीच, तिकडेच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं.

"त्याला काही झालेलं नाही. बूट नवीन आहेत."

सिया खिदळली आणि आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

सुप्रभाबाई हसल्या नाहीत. चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचे पेशंट ऐकून त्यांनाही थोडंफार कळायला लागलं होतं. दिवाळीपासून त्या बघत होत्या, चालताना यांचा उजवा हात हलत नव्हता. दोनदा विषय काढला, तर "अगं, खांदा आखडलाय," म्हणून त्यांनी उडवून लावलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आता डॉक्टरला त्याचा आजार बायकोने सांगायचा तरी कसा? आणि न सांगावं, तर उपचाराचे महिने वाया चालले होते. मुलालाही त्या काही बोलल्या नव्हत्या.

सिया येण्याआधी त्यांनी फोन टेबलावरून पुढे सरकवला.

"अहो, आता हा बघा. सकाळचा आहे."

व्हिडिओत याच गल्लीतून एक माणूस वर चालला होता. पाठमोरा, लांबून घेतलेला. स्वतःची पाठ कोणी कधी पाहिलेली असते?

"पार्किन्सन्स," शशिकांत लगेच म्हणाले. "सुरुवात आहे. उजवा हात बघ, लोंबतोय नुसता. आणि ते वळण बघ, एवढंसं वळायला पाच पावलं. टेक्स्टबुक केस आहे. याला कोणीतरी सांगायला..."

ते थांबले. त्यांनी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला. या वेळी फोन डोळ्यांजवळ धरला आणि शेवटपर्यंत पाहिला.

असं करायला नको होतं, घरी नीट बसून बोलायला हवं होतं, असं सुप्रभाबाईंना वाटून गेलं. पण आता ते मागे घेता येण्यासारखं नव्हतं.

क्लिनिकमध्ये निदान सांगून झालं की शशिकांत पेशंटला शेवटी एक प्रश्न विचारत. तोच त्यांनी आता विचारला. आवाज मात्र पेशंटचा होता.

"याच्याबरोबर कोणी आलंय का?"

"हो," सुप्रभाबाई म्हणाल्या. "मी मागेच होते. फोन माझ्याच हातात होता."