कापराच्या डबीतली वडी

विश्वासरावांनी ती वडी देव्हाऱ्यातल्या कापराच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवली, कारण वर्षभर तिकडे घरातलं कुणी फिरकत नसे. हिशेब चोख होता. फक्त त्यात गणपती धरायचे राहून गेले.

वडी पांढरी, नखाएवढी. पत्नी निर्मलाबाई गेल्या, तेव्हा प्रयोगशाळेने त्यांच्या अंगाचा वास गोठवून ती करून दिली होती. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "काका, ही वितळत नाही. ऊब लागली की थेट हवा होते. आणि एकदाच." म्हणून विश्वासरावांनी ती कधी हुंगलीही नव्हती. स्वतःच्या शेवटच्या घटकेसाठी राखली होती.

आरतीला घर भरलं. "अगं बाई, कापूर राहिला!" म्हणत सून मधुराने डबी उघडली आणि वडी तबकात निरांजनाशेजारी टाकली. विश्वासराव खुर्चीतून उठेपर्यंत ती विरलीसुद्धा.

"पेटलाच नाही! भेसळ, दुसरं काय," मुलगा हृषीकेश म्हणाला.

मग खोलीभर शिकेकाईचा, ओल्या पदराचा, भाजलेल्या रव्याचा वास पसरला. ज्या पदराला तोंड पुसत हृषीकेश मोठा झाला, त्याचाच वास त्याने छाती भरून घेतला.

"वास मात्र झकास हं, बाबा! कुठून आणलात हा कापूर?"

विश्वासरावांनी डोळे मिटून श्वास आत धरून ठेवला होता. हृषीकेशने पुन्हा विचारलं, तेव्हा उत्तरासाठी तो सोडावाच लागला.

"आता मिळत नाही," ते म्हणाले.