काकडीवरचे दाजी

जेजुरीच्या पायरीशी आमचे दाजी पँट सावरत उभे होते. पट्ट्याला पाडलेलं नवं भोक सगळ्या पावण्यांना दाखवून झालं होतं. नवरदेवानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, ही तिथली रीत. नुकतंच लगीन झालेल्या भाच्यानं सुनबाईला अलगद वर नेलं. लगेच पोरी दाजींच्या मागं लागल्या, "काका, आता काकूंना उचला!"

चरबी उतरवायला दाजी आन आमच्या आक्कानं संगंच सुरुवात केली होती. दाजी निस्त्या काकडीवर राहिले. आक्का अंडी, मटकीची उसळ पोटभर खायची आन रोज पाण्याच्या कळशा माडीवर वाहायची. "खाऊन कुणी बारीक होतं का गं?" म्हणून दाजी तिला हसायचे. तीबी बारीक झाली, पण वजन दाजींचं जास्त उतरलं, म्हणून ऐट त्यांचीच.

दाजींनी आक्काला कवेत घेतलं, दात-ओठ खाल्ले. आक्का जागची हलंना. उलट दाजींचेच पाय लटपटले आन घसरती पँट धरायला हात सोडावे लागले. पोरी खिदळल्या. दाजींचं तोंड एवढंसं झालं.

"चरबीसंगं दंडबी गेले गं माझे," ते हळूच म्हणले.

आक्कानं पदर खोचला. "अहो, मानेला धरा नीट," म्हणली, आन दाजींना उचलून तरातरा चढली. खालनं आम्ही भंडारा उधळला, येळकोटाचा गजर केला.

वर टेकल्यावर दाजी पुटपुटले, "उद्यापासनं मलाबी अंडी उकड."

"उकडते की," आक्का म्हणली, "पण कळशा तुम्ही वाहायच्या."