पडलेला दात

"पडलेला दात दुसऱ्याच्या हाती लागू देऊ नकोस, पोरी. नख, केस, दात, उष्टा घास. ज्याच्या मुठीत तो, त्याच्या मुठीत तुझा जीव."

आजीला जाऊन उभा जन्म लोटला होता. तरी तिचा आवाज आज सकाळपासून लेइवियाच्या कानाशी बसून होता.

काल भाजलेलं कोनफळ खाताना लेइवियाचा पुढचा दात निघाला. तिनं तो पानात गुंडाळून चटईखाली ठेवला. सकाळी गुडघे मोकळे झाले की आपल्या हातानं पुरायचा. सकाळी चटई उचलली, तर खाली काहीच नव्हतं.

मुलगा बोटीवर. घरात दोघीच, ती आणि सून. रोझिना समोरच्या ज्वालामुखीच्या बेटावरची. तिकडच्या बाया चेटूक करतात, असं इथं लोक आवाज खाली घेऊन बोलतात. हल्ली रोझिना अंगणातून कोंबडीचं एक पीस वेचायची, आणि वेगळ्या पुडीत मूठभर पिसं. एक शिंपला, मग ओंजळभर शिंपले. चुलीशी बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळवायची. परवा तर हसत विचारलं होतं, "आई, आता किती दात राहिले तुमचे?"

दुपारी लेइवियानं पुढ्यातल्या किसलेल्या कोनफळाच्या लापलापला बोटही लावलं नाही.

"का हो आई? बरं नाही का?"

"भूक मेली."

"नारळाच्या दुधात शिजवलंय. दात नसले तरी चालेल, इतकं मऊ झालंय."

म्हातारीनं मान वर केली. सुनेचा चेहरा साधा होता. त्यांचा तसाच असतो म्हणे.

पुड्या टोपलीत भरून रोझिना निघाली, तशी म्हातारीही काठी टेकत मागं निघाली.

चर्चच्या ओसरीवर चारपाच बाया बसल्या होत्या. मध्ये कापड पसरलेलं. इकडं एक पान, तिकडं पानांचा ढीग. इकडं एक पीस, तिकडं पिसंच पिसं. आणि कडेला, डुकराच्या दातांच्या माळेशेजारी, तिचा दात. एकटा. रोझिना त्यावर बोट ठेवून काहीतरी पुटपुटली. मग माळेवर बोट ठेवून तेच, पण जरा निराळं.

"माझा जीव माघारी दे!" लेइवियानं काठी खांबावर हाणली.

बाया दचकल्या. मग एकीला हसू फुटलं. "जीव कुठला, आजी? किडका दात आहे तो!"

पाद्रीणबाईंनी म्हातारीला हाताला धरून बसवलं. "इंग्रजी शिकवतेय मी यांना. ऑस्ट्रेलियातल्या आंब्याच्या बागांचा माणूस शुक्रवारी मजूर निवडायला येतोय. एक वस्तू दाखवतो, मग खूप दाखवतो, आणि विचारतो, आता काय म्हणशील? आपण खूप म्हणायला आधी एक शब्द लावतो की झालं. त्यांच्यात शब्दाला शेपूट लावावं लागतं. दातासारख्या काही शब्दांना तर शेपूटही चालत नाही, पोटच बदलतं. यांच्या डोक्यात बसेना, म्हणून म्हटलं, घरून आणा. एक आणि खूप."

लेइवियानं सगळं ऐकून घेतलं. डोळे सुनेवरच होते.

"मग डुकराचाच एक ठेवायचा बाजूला."

"ओवलेत ते, आई. सुटा कुठून आणू?"

"मला मागायचा होतास."

"दिला असतात?"

म्हातारीनं दात उचलून मुठीत घट्ट धरला.

घरी आल्यावर रोझिनानं फणसझाडाच्या मुळाशी खड्डा केला आणि ती लांब सरून उभी राहिली. लेइवियानं आपल्या हातानं दात ठेवला, आपल्या हातानं माती लोटली. मग चुलीशी बसली. सुनेनं पानावर वाढलेलं लापलाप तिनं हळूहळू हिरड्यांनी चघळायला घेतलं.

ते बघून रोझिनाची जीभ सैल झाली. "तुमच्या उशाशी गळतं ना, तिथं पत्रा घालू या. बागेतल्या एका हंगामाच्या मजुरीत होईल. आधी सांगितलं नाही, म्हटलं नाही जमलं तर हसाल. आता शब्द येतात सगळे. राहिला फक्त गावच्या चीफचा होकार. बाई चांगल्या चालीची आहे असं त्यानं सांगितल्याशिवाय कुणाला घेतच नाहीत. उद्या जाते त्याच्याकडं."

म्हातारीचा घास तोंडातच राहिला. तिनं पान बाजूला सारलं. चाचपडत काठी शोधली.

"उद्या नको. आत्ता चल. मी येते संगती."

"अंधार पडेल हो आई. एवढी कसली घाई?"

लेइविया उठून उभी राहिली. सुनेकडं न बघता म्हणाली,

"मी सकाळीच जाऊन आले त्याच्याकडं. चेटकीण म्हणून तुझं नाव सांगून आले."