सुभानजींची संक्रांत

लग्न होऊन आल्यापासून शालनताईंनी संक्रांतीला तिळगुळाचा कण तोंडात घातला नव्हता, की नवी बांगडी भरली नव्हती. नवऱ्याच्या, विलासरावांच्या, पणजोबांचे पणजोबा सुभानजी त्याच दिवशी उत्तरेत लढताना पडले, म्हणून घराण्यातल्या सुनांनी दरवर्षी दुखवटा पाळायचा, अशी रीत होती. मुलगे पतंग उडवत.

निवृत्त झाल्यावर विलासरावांनी सुभानजींचा माग काढला. त्यांचं पथक शेवटचं दिसलं होतं ते माळव्यातल्या एका गावाजवळ. वीराच्या स्मृतीला वाहायला मोठा हार घेऊन दोघं तिथं पोचले, तर त्यांच्याच आडनावाची पाटी असलेल्या एका घराचं दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं.

“पडले? कोण, आमचे सुभानबाबा?” म्हातारबा मनापासून हसले. “अहो, लढाई सुरू व्हायच्या आत घोडा पिटाळत इथं आले. पाटलाची मुलगी केली, पाच पोरं झाली. पिकल्या वयात खीर खाता खाता गेले. ते वाचले म्हणून संक्रांतीला आम्ही गावजेवण घालतो!”

विलासरावांनी हार हळूच पिशवीत सारला.

“आणि गावाकडची बायको?” शालनताईंनी विचारलं. “दोन लेकरं घेऊन बसली होती ती बिचारी.”

म्हातारबा गोंधळले. “बायको? पाटलांना तर त्यांनी सांगितलं होतं, मागं कुणीच नाही म्हणून.”

शालनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“अगं, लढाईची धामधूम ती,” विलासराव समजुतीच्या सुरात म्हणाले. “राहून गेलं असेल सांगायचं.”