भाकर मोडण्याआधी

पाळक विष्णू साळवे आभार मानायला उभा राहिला, तेव्हा त्याचं लक्ष पाहुणीकडे नव्हतंच. ते तिसऱ्या रांगेतल्या पुरुषोत्तम उजागरेकडे होतं.

पाहुणी पहिल्या रांगेत, कोट अंगातच ठेवून बसली होती. मिस पेनर, वय पंच्याऐंशी, लंडनमधल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका छोट्या मंडळीतल्या सर्वांत जुन्या बाई. हे लोक हत्यार धरत नाहीत, शपथ घेत नाहीत आणि पोटात भांडण ठेवून प्रभुभोजनाला बसत नाहीत. आई गेल्यापासून वर्षभर विष्णू दर गुरुवारी रीडिंगहून ट्रेन पकडून त्यांच्यात जाऊन बसत होता.

"दुःखात गप्प कसं बसावं ते मला तुम्ही शिकवलंत," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. त्या लोकांनी त्याला एकही उपदेश केला नव्हता. चहा दिला होता आणि शेजारी बसले होते.

त्याचं मराठी मिस पेनरना इंग्रजीत सांगायला त्याने वैभवीला बसवलं होतं. हॉलमध्ये चाळीस माणसं होती आणि चाळिसांनाही इंग्रजी येत होतं. पण वैभवी पुरुषोत्तमची सून होती. सासऱ्याचे प्रताप तिच्याच तोंडून वदवून घ्यायचे, हे विष्णूने महिन्यापूर्वीच ठरवलं होतं.

पुरुषोत्तम रीडिंगमधल्या या मराठी मंडळीचा सेक्रेटरी. विष्णूच्या व्हिसाच्या अर्जाला मंडळीकडून एक कागद हवा होता, तो याच्या टेबलावर पाच आठवडे पडून राहिला. विसरलो हो, असं तो नंतर हसत म्हणाला. अर्ज उशिरा गेला. निकाल लागण्याआधी देश सोडला असता तर अर्जच बाद झाला असता. त्यातच आई गेली. तिकडे नगरला तिला माती दिली, ती विष्णूने इथे फोनवर पाहिली. मध्येच रेंज गेली. परत आली तेव्हा लोक हात धूत होते.

आता विष्णूच्या खिशात एका ई-मेलची छापील प्रत होती. पुरुषोत्तमने कमिटीतल्या कोणाला तरी लिहिलेली, चुकून विष्णूकडे आलेली. 'राहू दे कागद. जरा उतरू दे पाळकाचा माज.' त्याने तिची घडी इतक्यांदा उलगडली होती की मधली ओळ पुसट झाली होती.

आज आपण मेनोनाइटांची एक रीत पाळू, असं त्याने जाहीर केलं. प्रभुभोजनाची भाकर मोडण्याआधी प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, माझ्या मनात कोणाविषयी गाठ नाही. एकानेही आहे म्हटलं, तर कोणालाच भाकर नाही. सगळे थांबतील.

लोकांना कल्पना आवडली. एकेक जण उठून सांगू लागला. विष्णू आपली पाळी येण्याची वाट पाहत होता. पुरुषोत्तम त्याच्या साखर पेरलेल्या आवाजात 'गाठ नाही' म्हणणार, मग विष्णू शेवटी उठणार आणि चारचौघांत ती ई-मेल वाचणार. आनंदाने त्याच्या तळव्यांना घाम सुटला होता.

पुरुषोत्तम उठला. समोरची खुर्ची धरून उभा राहिला.

"पाळकसाहेब, मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला. "कागद रोज समोर दिसत होता. तुम्ही मला कमिटीत गप्प केलं होतं, त्याचा राग काढला. आई अशा जातील असं वाटलं नव्हतं. मला क्षमा करा."

वैभवी अडखळली. मग तिने तेही इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता.

कोणीतरी हुंदका दिला. मागच्या रांगेतल्या सुप्रभाबाईंनी पदर डोळ्याला लावला. सगळा हॉल विष्णूकडे बघू लागला. बायको, निवेदिता, मान हलवून खुणावत होती की म्हणा, म्हणून टाका. विष्णूला भरल्या ताटावरून उठवल्यासारखं झालं. वर्षभर पोसलेला राग, आणि या माणसाने तो दोन मिनिटांत, तेही सगळ्यांना रडवून, हातातून काढून घेतला होता. उद्या लोक याचंच कौतुक करतील. केवढं मन लागतं, म्हणतील.

"पाळकसाहेब, तुमचं राहिलं," सुप्रभाबाई हळूच म्हणाल्या.

"माझ्या मनात गाठ आहे," विष्णू म्हणाला.

निवेदिता दबक्या आवाजात म्हणाली, अहो, असं काय करताय. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पुरुषोत्तम खाली बसला. हॉल एक वाजता सोडायचा होता आणि बारा वाजून गेले होते, पण कोणी उठेना.

विष्णू मिस पेनरसमोर जाऊन उभा राहिला. त्या रागावतील, निदान समजावतील, असं त्याला वाटलं. खरं तर तेच त्याला हवं होतं. त्यांनी कोटाची बटणं काढली आणि कोट मांडीवर घेतला.

"थांबू या," त्या त्यांच्या संथ इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या आजोबांच्या गावात दोन माणसांपायी चार वर्षं भाकर मोडली नव्हती."

"मग कोणी क्षमा केली?"

"कोणीच नाही. त्यातला एकजण वारला."

विष्णूने मान वळवून पुरुषोत्तमकडे पाहिलं. वय एकाहत्तर. मागच्या हिवाळ्यात बायपास झालेली, जिना चढला की दम लागतो. आपल्याला त्रेपन्नावं चालू आहे. चार वर्षं थांबायला काहीच हरकत नाही, असं त्याच्या मनात आलं.