रिकाम्या आभाळाकडे

भास्कर दोन दिवस जेवायला फिरकला नव्हता, आणि हौसाबाईंना असला उद्दामपणा खपत नसे. त्याच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून अख्ख्या गावानं तीन वर्षं मोबाइल आणि मिक्सर बंद ठेवले, नि हा आईला तोंड दाखवेना. डबा घेऊन त्या थेट दुर्बिणीच्या खोलीत शिरल्या.

पडद्यावर एक बारीक रेघ होती. न्यूट्रॉन ताऱ्याजवळ न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचं रेडिओ लहरींत रूपांतर होत असावं, त्याचीच ही खूण, असं तो संध्याकाळी जगाला सांगणार होता.

"मग घाम कशाला फुटलाय?"

"दुर्बिणीची तबकडी रिकाम्या आभाळाकडे वळवून पाहिली नाही, आई. वळवल्यावरही रेघ राहिली, तर ती इथल्याच कुठल्या यंत्राची. तीन वर्षं पाण्यात."

"माझ्या मिक्सरची झडती घेताना तुझा हात थरथरला नाही. वळव."

तबकडी करकरत वळली. दोघं पडद्याकडे बघत राहिली. रेघ पुसट होत गेली आणि दिसेनाशी झाली. ताऱ्याकडे परत वळवल्यावर पुन्हा उमटली. भास्करला रडू फुटलं.

हौसाबाईंनी डबा उघडून पुढे सरकवला.

"रेघ खरी निघाली, ती ताऱ्याची करणी. न तपासता जगापुढे मिरवायला निघाला होतास, ती तुझी."