सेलची काटकसर

क्लबने गरजू वृद्धांना श्रवणयंत्रं वाटली आणि लगेच भाषणं सुरू केली. नव्या यंत्रातून आजोबांनी स्वागत ऐकलं, प्रास्ताविक ऐकलं, क्लबच्या आजवरच्या सगळ्या अध्यक्षांची नावं ऐकली. मग आताचे अध्यक्ष बोलायला उठले. "आज तुमच्या आयुष्यात आवाज परत आला," असं ते तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा आजोबांनी यंत्र काढून बंद केलं आणि खिशात टाकलं. शेजारी बसलेल्या आजींनी सवयीने हातवारे करूनच विचारलं, का काढलं म्हणून.

आजोबा आपल्या मते कुजबुजले, पण ते अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं.

"सेल आठवडाभरच टिकतो म्हणाले. इथे कशाला वाया घालवू? घरी जाऊन भांडायचंय तुझ्याशी. इतकी वर्षं तू बिचारी एकटीच भांडतेयस."